फोर्कलिफ्ट, माल आणि डॉकची कड

यंत्राची रचना
फोर्कलिफ्ट हा चाकांवरचा तराजू आहे. पुढची चाके टेकू, त्यांच्या पुढे काट्यांवरचा माल आणि मागे लोखंडाचे प्रतिवजन. वळणारी चाके मात्र मागची. त्यामुळे वळताना मागचा भाग बाहेर फेकला जातो आणि शेजारून जाणारा हमाल यंत्र व भिंत यांच्यात सापडतो.

क्षमतेचा अर्थ
पाटीवर २५०० किलो लिहिलेले असले, तरी तो आकडा मालाचा गुरुत्वमध्य काट्यांच्या मुळापासून ठरावीक अंतरावर, बहुधा ५०० मिलिमीटरवर, असेल तेव्हाचा असतो. समजा, पुढच्या आसापासून काट्यांच्या मुळापर्यंत ४५० मिलिमीटर आहेत. लांबट खोक्यामुळे गुरुत्वमध्य ७०० मिलिमीटरवर गेला, तर तेच यंत्र जेमतेम २०६५ किलो पेलेल. वजनकाट्याच्या चिठ्ठीवरून हे कळत नाही.

उलटण्याची कारणे
पुढची दोन चाके आणि मागच्या आसाचा मध्य हे तीन बिंदू जोडले की स्थैर्याचा त्रिकोण होतो. यंत्र आणि माल यांचा एकत्रित गुरुत्वमध्य या त्रिकोणाबाहेर गेला की यंत्र कलंडते. माल उंच धरून वळणे धोक्याचे, हे बहुतेकांना पटते. रिकाम्या फोर्कलिफ्टचा धोका मात्र चटकन ध्यानात येत नाही. काटे रिकामे असताना हा गुरुत्वमध्य त्रिकोणाच्या मागच्या अरुंद टोकाकडे सरकतो आणि वेगात वळताना यंत्र आडवे होते. अशा वेळी बाहेर उडी मारणारा चालक बहुधा छताच्या सांगाड्याखाली चिरडला जातो. पट्टा बांधून, स्टिअरिंग घट्ट धरून आतच राहणे अधिक सुरक्षित.

डॉकची कड
गोदामाच्या डॉकला लावलेल्या ट्रेलरवरच्या कंटेनरमध्ये फोर्कलिफ्ट शिरून ब्रेक लावते, तेव्हा प्रत्येक फेरीला ट्रेलर थोडा पुढे ढकलला जातो. काही फेऱ्यांनंतर डॉक आणि ट्रेलर यांच्यामधल्या जोडपट्टीचा आधार सुटतो आणि यंत्र फटीत कोसळते. भरणी संपण्याआधीच ट्रक निघाला, तरी परिणाम तोच.

कायदा
बंदरातील कामगारांच्या सुरक्षिततेसाठी १९८६ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत तो समाविष्ट केला गेला. त्या कायद्यातली गोदी, म्हणजे डॉक, बंदराची होती. भिवंडीतल्या गोदामाच्या डॉकवर काम तेच असले, तरी तो त्या व्याख्येबाहेर राहिला.

उपाय
ट्रकच्या चाकांखाली ठोकळे, पायी चालणाऱ्यांसाठी वेगळी वाट, माल जमिनीलगत ठेवून प्रवास. सर्वांत स्वस्त उपाय मात्र एका खिळ्याचा आहे : भरणी पूर्ण होईपर्यंत ट्रकची किल्ली गोदामातल्या खिळ्याला टांगून ठेवायची.