घरची बोली व शाळेची भाषा

सोलापूर जिल्हा हा अनेक भाषांच्या सीमेवर वसलेला आहे. अक्कलकोट व दक्षिण सोलापूर या तालुक्यांना कर्नाटकाची हद्द लागून असल्यामुळे तेथील अनेक गावांत घरोघर कानडी बोलली जाते. सोलापूर शहरात विणकामाच्या धंद्यानिमित्त आलेल्या पद्मशाली कुटुंबांत तेलुगू, तांड्यांवर गोरमाटी, तर कित्येक मोहल्ल्यांत उर्दू ऐकू येते. अशा घरांतील सहा वर्षांचे मूल ज्या दिवशी मराठी शाळेत पाऊल टाकते, त्या दिवशी त्याला दोन अपरिचित गोष्टींना एकदमच सामोरे जावे लागते. एक शाळा व दुसरी शाळेची भाषा.

असे मूल पहिले काही महिने बहुधा गप्प बसते. या मौनाचा अर्थ लावण्यात शिक्षकाची चूक झाली तर तिची किंमत मुलाला दीर्घकाळ मोजावी लागते. 'मंद' हा शिक्का एकदा बसला की त्याला प्रश्न विचारले जात नाहीत, प्रश्न नाहीत म्हणून बोलणे नाही आणि बोलणे नाही म्हणून प्रगतीही नाही. वास्तविक हे मौन बुद्धिमांद्याचे नसून श्रवणाचे असते. तान्हे मूलही बोलू लागण्यापूर्वी वर्षभर ऐकतच असते.

नव्या भाषेच्या वातावरणात मुलाला ठेवून, त्या भाषेतूनच खेळ, गाणी, गणित व परिसराचे ज्ञान देण्याच्या पद्धतीस भाषानिमज्जन म्हणता येईल. कॅनडातील माँट्रियल शहराजवळच्या सेंट लँबर्ट या गावी १९६५ साली इंग्रजी बोलणाऱ्या पालकांच्या आग्रहावरून असा प्रयोग सुरू झाला. बालवर्गातील मुलांशी शिक्षक फ्रेंचमधूनच बोलत. मुले फ्रेंचमध्ये बरीच पुढे गेली व त्यांच्या इंग्रजीचेही कायमचे नुकसान झाले नाही. परंतु या यशामागील दोन गोष्टी विसरून चालणार नाही. आरंभी मुलांनी इंग्रजीत उत्तर दिले तरी शिक्षकांना ते समजत असे व चालतही असे. शिवाय काही काळाने शाळेत इंग्रजी वाचनलेखनही शिकविले गेले. घरच्या भाषेला त्या शाळेत अपमान नव्हता.

आपल्याकडे विहिरीत पोहायला शिकविताना मुलाच्या पाठीला सुका भोपळा बांधण्याची रीत होती. मूल पाण्यातच पोहायला शिके, काठावर बसून नव्हे. पण भोपळ्याच्या आधाराने ते बुडत नसे. हात-पाय चालू लागले की भोपळा सुटे. मराठीच्या वातावरणात शिकणाऱ्या मुलाची घरची बोली हा असाच भोपळा होय. तो हिसकावून घेऊन मुलाला पाण्यात ढकलणे याला शिक्षण म्हणता येत नाही.

वर्गात याचा अवलंब कसा करावा? 'बस', 'ये', 'पाटी काढ' या रोजच्या सूचना शिक्षकाने हावभावासह व दररोज त्याच शब्दांत द्याव्यात. वस्तू हाती देऊन तिचे नाव उच्चारावे. मुलाने पाण्यास 'नीरु' म्हटले तर त्याला दटावू नये, 'होय, पाणी. पाणी हवे का?' असे म्हणावे. शिक्षकास कानडी येत नसल्यास वरच्या वर्गातील कानडी जाणणाऱ्या मुलाचे साहाय्य घ्यावे. अक्का, अण्णा हे शब्द दोन्ही भाषांत आहेत. मराठीतील तूप कानडीत 'तुप्प' होते. अशा ओळखीच्या शब्दांपासून आरंभ केल्यास मुलाला धीर येतो.

मुलांच्या चुकांमागेही बहुधा नियम असतो. मराठीत भाकरी भाजली, भात शिजला व दूध तापले. कानडीत या तिन्ही निर्जीव वस्तू नपुंसकलिंगीच. म्हणून कानडी मूल 'भाकरी भाजले' म्हणते. तेथे व्याकरण न सांगता 'हो, भाकरी भाजली' असे शुद्ध रूप सहज कानी घालावे. अंकांचेही तसेच. कानडी 'इप्पत्तोंदु' यात प्रथम वीस व मग एक येतो. तेलुगू 'इरवै ओकटि' याचीही रचना तीच. मराठी 'एकवीस' मध्ये एक आधी ऐकू येतो, आणि 'एकोणतीस' मध्ये तर तीस ऐकू येऊनही तीस होत नाहीत. मुलाने २१ ऐवजी १२ लिहिले तर त्याचे गणित कच्चे आहे असे लगेच ठरवू नये. दहाच्या जुड्या व सुट्या काड्या मांडून संख्या डोळ्यांना दाखवावी.

आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. वर्ष-दोन वर्षांत मूल अंगणात फडाफडा मराठी बोलू लागते व शिक्षक निश्चिंत होतो. परंतु बोलीभाषा व पाठ्यपुस्तकाची भाषा यांत अंतर असते. जिम कमिन्स या अभ्यासकाने कॅनडातील स्थलांतरित मुलांच्या अभ्यासावरून १९८० च्या सुमारास दाखवून दिले की संभाषण सुमारे दोन वर्षांत साधते, पण अभ्यासाची भाषा समवयस्कांइतकी आत्मसात होण्यास पाच ते सात वर्षे लागतात. तेव्हा चौथीत अडखळणाऱ्या मुलालाही पहिलीइतकाच आधार हवा असतो.

राज्यघटनेच्या ३५०-अ या कलमाने, जे १९५६ साली समाविष्ट झाले, भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या सोयींचा प्रयत्न करण्यास सांगितले आहे. त्यानुसार ज्या पालकांना कानडी माध्यम हवे त्यांच्यासाठी जिल्ह्यात कानडी शाळा आहेत. जी मुले मराठी शाळेत येतात त्यांचा आधार मात्र वर्गशिक्षकच होय. घरी आईशी कानडीत व शाळेत गुरुजींशी मराठीत मोकळेपणाने बोलणारे मूल दोन्हीकडे आपले राहते. त्याने पहिला मराठी शब्द उच्चारीपर्यंत शिक्षकाने धीर धरावा. त्या धीरातच त्याच्या पुढील शिक्षणाचा पाया आहे.