भिंतीतली रीफ टाकी: मासे शेवटी, आखणी आधी

भिंतीत उजळलेलं प्रवाळ पाहण्यासारखं सुख नाही. पण त्याचा पाया कागदावरच घातला जातो.

🔹 वजन: ४ × २ × २ फुटांच्या टाकीत सुमारे ४५० लिटर पाणी मावतं. काच, खडक, वाळू धरून भार ६०० किलोंच्या आसपास जातो. तो भिंतीवर नको. खाली पावडर कोटिंग केलेला स्वतंत्र स्टँड घ्या. भिंत फोडण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

🔹 मागची खोली: सगळं काम मागून चालतं. टाकीवर हात-खांदा आत जाईल इतकी मोकळी जागा, एक्झॉस्ट फॅन आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. वायर सॉकेटच्या खाली झोल देऊन न्या, म्हणजे ओघळ प्लगमध्ये जात नाही.

🔹 संप (टाकीखालची गाळणीची टाकी): वीज गेली की टाकीतलं थोडं पाणी संपमध्ये उतरतं. तेवढी जागा त्यात कायम रिकामी ठेवा. वेव्हमेकरला (पाणी फिरवणाऱ्या पंपाला) बॅटरी बॅकअप द्या. प्रवाह थांबला की ऑक्सिजन झपाट्याने घटतो.

🔹 पाणी: आरओ-डीआयने शुद्ध केलेलं पाणी आणि रीफ सॉल्ट. क्षारता ३५ पीपीटी, तापमान २५-२६ अंश. आपल्या उन्हाळ्यात चिलर लागतोच.

🔹 धीर: अमोनियाचं नायट्राइट, मग नायट्रेट करणारे जिवाणू वाढायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आल्यावरच पहिला मासा सोडा.

आणि मालवणच्या किंवा कुठल्याही किनाऱ्यावरून प्रवाळ उचलू नका. कठीण प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ चं संरक्षण आहे.