विळ्याची धार आणि पट्ट्यामागची प्लेट

खंडेनवमीला आपण विळे, कोयते, खुरपी धुऊन-पुसून पाटावर मांडतो, हळदकुंकू वाहतो. पुढे कामाला हात घातला की त्याच हत्याराची धार शोधावी लागते! वणीच्या गडाखालच्या मुलखात, सगळ्या दिंडोरी तालुक्यात, याच सुमारास द्राक्षबागांच्या गोडी छाटणीची घाई असते. बोथट कात्रीने काडी कापली जात नाही, चिरडली जाते. बोथट खुरप्याने निंदणाऱ्या बाईचे मनगट संध्याकाळी ठणकते ते वेगळेच. धारेची किंमत कळते ती अशी.

पूर्वी गाडीलोहार, घिसाडी पाल टाकून बसत, भाता चाले, आणि विळा पाणी पाजून हातात पडे. आता गावोगावच्या वेल्डिंगच्या दुकानांत मोटारीवरचा पट्टा ग्राइंडर आलेला दिसतो. कुरुंदासारख्या कठीण दाण्यांचा कापडी पट्टा चाकांवरून वेगाने फिरतो आणि त्यावर पाते घासले जाते. २ इंच रुंद, ७२ इंच लांब पट्टा हे त्यातले बहुधा वापरात असलेले माप. मिनिटाला १४४० फेऱ्यांची मोटार आणि तिच्यावर ४ इंच व्यासाचे चाक असेल, तर पट्टा मिनिटाला सुमारे ४६० मीटर धावतो. दगडी चाकापेक्षा काम भराभर होते, यात शंका नाही. आपल्यापैकी कोणाच्या मुलाने आय.टी.आय. करून असे दुकान थाटले असेल, तर हा मजकूर त्याला अवश्य वाचायला द्या.

कारण तक्रार नेहमीची आहे. पाते लाटालाटांचे होते, उतार एकसारखा येत नाही, टोकाजवळ जास्त खाल्ले जाते. दोष पट्ट्याला दिला जातो, नवा पट्टा आणला जातो, आणि पुन्हा तेच. खरा दोष पुष्कळदा मागे लपलेला असतो. पट्ट्याच्या पाठीमागे जी लोखंडी प्लेट असते, जिच्यावर पाते दाबले जाते, ती झिजलेली असते. पट्ट्याची पाठ आणि मधे शिरणारी धूळ रात्रंदिवस तिला घासत राहते. मध्ये खळगा पडतो. मग तुमचा हात कितीही सरळ असो, पाते त्या खळग्याचाच आकार घेणार. सहाणेला खड्डा पडल्यावर गंध कसे उगाळले जाते, ते आठवून पाहा.

तपासणी सोपी आहे. मोटार बंद करा, वीज तोडा, पट्टा काढा. प्लेटवर पोलादी पट्टी आडवी, उभी, तिरपी अशी धरा आणि मागून उजेड पाहा. मध्ये उजेडाची रेघ दिसली की समजावे, प्लेट गेली. खळगा थोडा असेल तर कानशीने काम भागते. जास्त असेल तर नाशिकला सातपूर-अंबडच्या एखाद्या वर्कशॉपमधून सरफेस ग्राइंडिंग करून आणावी. वरची-खालची कड मात्र किंचित गोल ठेवा. तीक्ष्ण कडेवर पट्ट्याचा सांधा आपटतो, पात्याला धक्के बसतात आणि पट्टाही लवकर तुटतो.

याहून टिकाऊ उपाय चाकू करणारे कारागीर हल्ली सर्रास वापरतात. प्लेटवर सिरॅमिक काचेची पट्टी चिकटवायची. ही काच म्हणजे इंडक्शन शेगडीच्या वरच्या बाजूला असते तीच जात. उष्णतेने सहसा तडकत नाही आणि लोखंडापेक्षा कितीतरी कमी झिजते. बिघडलेल्या शेगडीची, दोन्ही बाजूंनी सपाट असलेली काच मिळाली तर उत्तमच. फरशी कापायच्या हिऱ्याच्या चकतीने पाणी सोडत ती कापावी. खिडकीची साधी काच लावू नका, तापली की फुटेल आणि तुकडे अंगावर येतील. प्लेट खरखरीत घासून, तेलाचा अंश पुसून, उष्णता सोसणाऱ्या एपॉक्सीने काच बसवावी. पट्टा खाली ओढतो, म्हणून खालच्या टोकाला काचेला आधार देणारी छोटी लोखंडी खूण वेल्ड करून ठेवावी. डिंकावर सगळा भरवसा नको.

शेवटच्या गुळगुळीत घासणीसाठी काही जण प्लेटवर ग्राफाइट लावलेले कापड चिकटवतात. पेन्सिलीतल्या शिशासारखे ते निसरडे असते, त्यामुळे पट्टा कमी तापतो आणि हलका मऊपणाही मिळतो. पट्ट्यांचे म्हणाल तर ६० नंबरपासून १२०, २२०, ४०० असे चढत जावे. आधीच्या पट्ट्याचे ओरखडे पुरते गेल्याशिवाय पुढचा चढवू नये. ६० वरून थेट ४०० वर उडी मारणाऱ्याचे पाते चमकते खरे, पण उन्हात धरले की चरे दिसतात! पुढचा टेकू प्लेटशी काटकोनात आहे ना, हे गुण्या लावून पाहावे आणि टेकू व पट्टा यांत फट अगदी कमी ठेवावी.

आता धोक्याचे. घासताना पाते निळे पडले की त्याचे पाणी उतरले. साध्या पोलादावर पिवळसर रंग सुमारे २२० अंशांना येतो, निळा ३०० च्या आसपास. मग तो विळा दोन दिवसांत बोथटणारच. जुन्या गाडीच्या कमानपाट्याचा कोयता कितीही मजबूत असला तरी यातून सुटत नाही. म्हणून शेजारी पाण्याची बादली ठेवा, हातमोजे न घालता पाते धरा आणि बोटाला चटका जाणवताच बुडवा. मोजा पट्ट्यात ओढला जाण्याची भीतीही आहेच. साडीचा पदर, उपरणे, सैल बाही ग्राइंडरजवळ नको. धार लावताना पात्याची कड पट्टा धावतो त्याच दिशेला असावी, नाहीतर ती पट्ट्यात रुतून पाते उसळते.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातील शेफील्ड गाव चाकू-सुऱ्यांसाठी जगभर गाजले. तिथे वाळूच्या दगडावर कोरडी घासणी करणारे कारागीर छातीत धूळ साचून ऐन तारुण्यात मरत. आजच्या पट्ट्यांत तो दगड नाही, पण पोलादाची आणि दाण्यांची बारीक धूळ छातीत जातेच. तोंडाला रुमाल पुरत नाही. धुळीसाठीचा चांगला मास्क आणि डोळ्यांना चष्मा घ्यावा, मोटारीला अर्थिंग असावे. लेकराबाळांना तिथे खेळू देऊ नये.

छाटणीची कात्री मात्र ग्राइंडरवर नेऊ नका. तिच्या कापणाऱ्या पात्याला एकाच बाजूने उतार असतो. ती घरीच, तेलपाणी करून, बारीक दगडावर त्याच उताराने घासावी. सपाट बाजूवरून फक्त एक हलका हात फिरवून लव काढावी.