अनाथ नायक आणि सातबाऱ्यावरचा बोजा

व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या इंग्रजी कादंबऱ्यांत अनाथ पोरांची एवढी गर्दी का, याचं ठरलेलं उत्तर आहे : आईबाप नसले की नायक मोकळा होतो, लेखकाची सोय होते. हे उत्तर अपुरं आहे. अशा कादंबऱ्या लिहिणारा डिकन्स स्वतः अनाथ नव्हता. १८२४ साली उधारी थकली म्हणून त्याचे वडील लंडनमधल्या मार्शलसीच्या तुरुंगात गेले आणि बारा वर्षांचा हा मुलगा बूटपॉलिशच्या कारखान्यात डब्यांवर लेबलं चिकटवत राहिला. आईबाप जिवंत असताना त्याला एकटं पाडलं ते कर्जानं. त्याची अनाथ पोरं मोठी होतात तीही बहुधा पैशाच्या व्यवहारातूनच. 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'मधला पिप परक्याच्या पैशावर साहेब होतो, कर्जात बुडतो, आणि ते कर्ज गुपचूप फेडतो तो जो नावाचा लोहार, ज्याची पिपला लाज वाटत होती. पिप शहाणा होतो तो इथं. आधीची सगळी वर्षं नुसती वयाची.

यावर कुणी म्हणेल, या कादंबऱ्या शेवटी कुठल्या तरी काकाच्या इस्टेटीवर सुटतात. 'जेन एअर'मध्ये (१८४७) वीस हजार पौंड येतात, हे खरंच. पण जेन त्याआधीच शिकवणी करून पोट भरते आहे, मालकाला नकार देऊन घराबाहेर पडली आहे. आलेल्या पैशाचेही ती चार वाटे करते. पैसा येतो तेव्हा ती घडून चुकलेली असते.

इकडे विदर्भात, दिग्रसच्या कपाशी-सोयाबीनच्या पट्ट्यात, वारसा उलट्या दिशेनं येतो. कर्जापायी बापानं जीव दिला, तर पोराचं नाव सातबाऱ्यावर चढतं आणि इतर हक्कांत सोसायटीचा बोजा तसाच असतो. लंडनची तुलना इथं ओढूनताणून आहे, इथं आई असते, भावकी असते, असा आक्षेप रास्त वाटेल. पण आई आहे म्हणूनच हे मूल सरकारदप्तरी अनाथ ठरत नाही. २०१८ पासून अनाथांना मिळणारं एक टक्का आरक्षण त्याच्यासाठी नाही. त्याच्यासाठी आहे ती बालसंगोपन योजना, महिना २,२५० रुपयांची. अठरा वर्षं पूर्ण झाली की तीही बंद होते, बोजा मात्र राहतो.