वयात येताना: पालकांच्या शंका

मुलींमध्ये वयात येण्याची सुरुवात साधारणपणे ८ ते १३ व्या वर्षी होते, मुलांमध्ये ९ ते १४ व्या. मुलींची पहिली खूण बहुधा स्तनांची वाढ. पाळी त्यानंतर सुमारे दोन-अडीच वर्षांनी येते. म्हणून पाळीची माहिती चौथी-पाचवीतच द्यावी. ती न मिळालेली मुलगी पहिला रक्तस्राव पाहून घाबरते, आणि ही भीती सहज टाळता येण्यासारखी असते. मुलांशी तर बहुतेक घरांत कुणी बोलतच नाही. स्वप्नावस्था, आवाज फुटणे, काही काळ छातीला येणारी सूज हे सारे स्वाभाविक आहे, हे त्यांनाही कळायला हवे.

अशा शिक्षणाने मुले बिघडतील, ही पालकांची मोठी धास्ती. २००७ मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांनी शाळांतील किशोरवयीन शिक्षणाला विरोध केला, त्यामागेही तीच होती. युनेस्कोने तपासलेल्या संशोधनात मात्र लैंगिकता शिक्षणामुळे मुले लवकर लैंगिक संबंधांकडे वळतात, असे आढळलेले नाही.

मुलीत आठव्या किंवा मुलात नवव्या वर्षाआधी बदल दिसले, अथवा अनुक्रमे तेरा आणि चौदा वर्षे उलटूनही दिसले नाहीत, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.