पाळी जाताना पिशवी काढण्याची घाई नको

चाळिशीनंतर पाळी मागेपुढे होते, अंगातून एकदम वाफा निघतात, रात्री घामाने झोप मोडते, चिडचिड वाढते. वस्तीतल्या आयाबाया याला ‘उष्णता’ म्हणतात आणि अंगावर काढतात. सलग 12 महिने पाळी आली नाही की ती गेली असे समजावे. तोवर दिवस राहू शकतात, हे बऱ्याचजणी विसरतात.

आम्हाला खरी काळजी वाटते ती पिशवीची. बीडमधील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांच्या चौकशीसाठी 2019 मध्ये शासनाला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. ऊसतोडीच्या टोळ्यांत आपल्या समाजातल्या भगिनीही असतात. पिशवीसोबत बीजांडकोशही काढले, तर तिशीतच एकदम रजोनिवृत्ती येते आणि हाडे लवकर ठिसूळ होतात. पाळी नुसती मागेपुढे होते म्हणून पिशवी काढायची नसते. आधी सोनोग्राफी, औषधे आणि दुसऱ्या डॉक्टरांचे मत.

बाकी सुती कपडे, चालणे, नाचणी-तीळ, कोवळे ऊन, आणि मिश्री बंद. त्रास असह्य असेल तर संप्रेरकांचे उपचार आहेत, मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसले, अगदी एक डाग जरी, तर लाजू नका. लगेच सरकारी दवाखाना गाठून कर्करोगाची तपासणी करून घ्या.