पंप जोरात, तरी डोकं गरम

माणूस नुसता खुर्चीत बसून राहिला तरी त्याच्या शरीरातून साधारण १०० वॉट उष्णता बाहेर पडत असते. व्हिडिओ एडिटिंगला किंवा गेमिंगला जुंपलेला प्रोसेसर १५० ते २५० वॉट उष्णता ओकतो, आणि तीही अंगठ्याच्या नखाएवढ्या चकतीतून. तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा पाणी सुमारे साडेतीन हजार पट उष्णता उचलते. म्हणून अशा संगणकांत आता पाणी खेळवतात. रक्त, हृदय आणि त्वचा यांच्या जागी इथे पाणी, पंप आणि रेडिएटर आहेत, इतकेच.

आमच्याकडचे निवासी डॉक्टर असले संगणक हौसेने जुळवतात. वर्ष-दोन वर्षांत तो तापू लागला की पहिला संशय पंपावर. पण साधे गणित करून पाहा. मिनिटाला एक लिटर पाणी फिरत असेल, तर २०० वॉटमुळे ते साधारण तीन अंशांनी तापते. पंपाचा वेग दुप्पट केला, तर दीड अंशाने. म्हणजे आवाज वाढतो आणि हाती लागतो जेमतेम अंश-दीड अंश.

खरी अडचण बहुतेक वेळा रेडिएटरमध्येच असते. त्याच्या पातळ पत्र्यांमध्ये धूळ, केस, धागे अडकले की पाणी कितीही फिरो, उष्णता बाहेर पडायला वाटच उरत नाही. संगणक बंद करून, पंख्याची पाती बोटाने धरून ही धूळ उडवली तरी फरक दिसतो. जागा असेल तर मोठा रेडिएटर बसवण्यासारखा दुसरा उपाय नाही. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट काही वर्षांत सुकते, ती पुसून नवी लावावी. गुळगुळ आवाज येत असेल तर आत हवा अडकली आहे असे समजावे. पंप हा सगळ्यात उंच बिंदू होणार नाही, अशी मांडणी केली की हवा रेडिएटरच्या वरच्या टोकाला जाऊन थांबते.

ज्यांच्या संचात पाणी स्वतः भरायचे असते, त्यांनी नळाचे पाणी भरू नये. त्यातले क्षार साचतात, शेवाळ धरते. डिस्टिल्ड वॉटर आणि त्यासोबत शेवाळ व गंज रोखणारे द्रव्य वापरावे. तांबे आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात आले की ॲल्युमिनियम कुरतडले जाते, हे खरेदीच्या वेळीच पाहायचे.

एवढे करूनही एक मर्यादा राहतेच. बंद नळ्यांतले पाणी खोलीतल्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. विदर्भात मे महिन्यात खोलीच ४० अंशांवर असेल, तर रेडिएटर बिचारा काय करणार? तिथे खोली थंड करण्यावरच खर्च करावा. मात्र कूलरची ओली हवा थेट कॅबिनेटवर सोडू नये.

शरीराकडे याहून सरस युक्ती आहे, ती म्हणजे घाम. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, म्हणून आपण भोवतालच्या हवेपेक्षा थंड राहू शकतो. त्यासाठी हृदयाला त्वचेकडे मिनिटाला सहा-सात लिटरपर्यंत रक्त ढकलावे लागते. एरवी तिथे अर्धा लिटरही पुरते. वृद्ध आणि हृदयरुग्ण उन्हाळ्यात आधी कोसळतात त्याचे एक कारण हे. कोकणातल्या दमट हवेत घाम वाळतच नाही, नुसता निथळतो. मग ही युक्तीही थकते.

प्रोसेसर ९५-१०० अंशांच्या आसपास स्वतःच वेग कमी करतो, फारच झाले तर संगणक बंद पडतो आणि थंड झाल्यावर बहुधा पुन्हा सुरू होतो. मेंदूला ही सोय नाही. शरीराचे तापमान ४० अंशांपलीकडे गेले आणि माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा शुद्ध हरपली, की तो उष्माघात समजावा. १०८ला फोन करा, पण गाडीची वाट पाहत बसू नका. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर भरपूर पाणी ओता आणि पंखा लावा. बर्फाच्या पाण्यात बसवता आले तर उत्तमच. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही, गोळी शोधण्यात वेळ घालवू नका.